क्रोम अपडेट केलं, पण लिबवेबपी अजून कुठे कुठे आहे? सीव्हीई-२०२३-४८६३ शोधून बुजवण्याची पद्धत

११ सप्टेंबर २०२३ रोजी गूगलने क्रोमचा एक अपडेट काढला. त्यात सुरक्षेची दुरुस्ती एकच होती, ती सीव्हीई-२०२३-४८६३ या त्रुटीची (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींना दिला जाणारा जागतिक क्रमांक), आणि या त्रुटीचा गैरवापर प्रत्यक्षात सुरू असल्याचं गूगलने त्याच सूचनेत सांगून टाकलं होतं. बातमी 'क्रोममधली त्रुटी' अशीच पसरली. लोकांनी क्रोम अपडेट केलं आणि विषय संपला.

खरं तर त्रुटी क्रोमच्या स्वतःच्या कोडमध्ये नव्हतीच. ती होती लिबवेबपी या लायब्ररीत, म्हणजे इतर सॉफ्टवेअर आपल्यात घेऊन वापरतात अशा तयार कोडमध्ये. वेबपी प्रकारचं चित्र उलगडून पडद्यावर आणायचं काम ही लायब्ररी करते. गूगलने ती सगळ्यांना मोफत दिलेली असल्यामुळे फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह, स्लॅक, सिग्नल, व्हीएस कोड, अँड्रॉइड, प्रोग्रामरांची चित्र हाताळणारी पॅकेजं म्हणजे पायथनची पिलो आणि नोडची शार्प अशा सगळ्यांनी तीच उचलली, आणि बहुतेकांनी आपापल्या पोटात तिची वेगळी प्रत ठेवली. क्रोम अपडेट केल्याने एक प्रत बदलते. बाकीच्या तशाच राहतात. जुना फोन, एकदा बसवून विसरलेलं सॉफ्टवेअर, दोन-तीन वर्षांपूर्वी बांधलेली डॉकर इमेज (सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर सगळ्या सामग्रीसह बांधून ठेवलेला गठ्ठा) अशा ठिकाणी ती प्रत आजही सापडते. म्हणून ही शोधमोहीम.

आधी भोक कुठे होतं ते

घाई असेल तर हा भाग सोडून पायऱ्यांकडे जा. पण त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरचा अहवाल वाचायचा असेल तर हे माहीत असलेलं बरं.

वेबपीचे दोन प्रकार आहेत. एकात चित्राचा थोडा तपशील गमावून फाइल लहान करतात, दुसऱ्यात काहीच गमावत नाहीत. त्रुटी दुसऱ्या प्रकारच्या डीकोडरमध्ये होती. तिथे हफमन पद्धतीने माहिती दाबलेली असते: वारंवार येणाऱ्या आकड्याला छोटा कोड, क्वचित येणाऱ्याला लांब, जास्तीत जास्त १५ बिटांचा. डीकोडर एकेक बिट वाचत बसत नाही. तो आधी तक्ता बनवतो. पहिली ८ बिटं घेऊन तक्त्यात थेट बघायचं. कोड त्याहून लांब असेल तर तिथून दुसऱ्या पातळीच्या तक्त्यात उडी.

असे तक्ते पाच: हिरवा, लाल, निळा, पारदर्शकता आणि अंतर. पाचांसाठी मेमरी एकदाच घेतली जायची. हिरव्यात २८० चिन्हं, त्याला जास्तीत जास्त ६५४ खाने. लाल, निळा आणि पारदर्शकतेत २५६ चिन्हं, प्रत्येकी ६३०. अंतराच्या ४० चिन्हांना ४१०. रंगांचा कॅशे (आधी आलेले रंग लक्षात ठेवायची सोय) वापरलेला नसेल तर एकूण २९५४ खाने, एका खान्याला ४ बाइट, म्हणजे ११,८१६ बाइट.

हिशेब अचूक होता. चुकलं ते गृहीतक. हे आकडे हफमन वृक्ष (या कोडांची फांद्यांसारखी मांडणी) नियमाप्रमाणे पूर्ण असेल तरच खरे ठरतात. पण कोडच्या लांब्या फाइलमधून येतात, आणि फाइल कुणीही बनवू शकतो. वृक्ष पूर्ण आहे का, हे डीकोडर तपासत होता, पण तक्ता भरून झाल्यावर. चोर घरात शिरून गेल्यावर दाराला कडी लावण्यातला प्रकार. पहिल्या चार तक्त्यांनी कमाल जागा भरायची आणि पाचव्या, वेड्यावाकड्या वृक्षाने काठ ओलांडून शेजारच्या मेमरीत लिहायचं, अशी जुळणी केली की काम झालं. सहज म्हणून बिघडवलेल्या फाइलमध्ये अशी जुळणी योगायोगाने होणं फार अवघड. लिबवेबपीवर स्वयंचलित फझिंग (बिघडवलेल्या फाइली देऊन बघणं) सतत चालू असूनही हे सापडलं नाही, ते त्यामुळे. दुरुस्तीत आधी नुसती मोजणी आणि तपासणी होते, मग लागेल तेवढी जागा घेऊन लिहिलं जातं.

शेजारच्या मेमरीत काय लिहायचं यावर ताबा मिळाला की कसलेला हल्लेखोर तिथून स्वतःचा कोड चालवण्यापर्यंत पोहोचतो. वापरणाऱ्याने नुसतं पान उघडायचं, बस. क्रोममध्ये चित्र उलगडण्याचं काम सँडबॉक्समधल्या, म्हणजे बाकी संगणकापासून कोंडून ठेवलेल्या, प्रक्रियेत होतं, त्यामुळे अख्खा संगणक हाती यायला आणखी एक भोक लागतं. बाकी अनेक सॉफ्टवेअरमध्ये अशी भिंत नसते, म्हणून ब्राउझरपेक्षा त्यांची काळजी जास्त करायची.

आणखी दोन क्रमांक ओळखून ठेवा. सीव्हीई-२०२३-४१०६४ हा ॲपलने आपल्या चित्र-प्रणालीतल्या त्रुटीला दिलेला. टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने उघड केलेल्या 'ब्लास्टपास' हल्ल्यात तो वापरला गेला होता: आयमेसेजमधून आलेली पासकिटची जोडफाइल, एकही क्लिक नाही, आणि फोनवर एनएसओ ग्रुपचं पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर. क्रोमची त्रुटी ६ सप्टेंबरला कळवणारेही ॲपलचा सुरक्षा विभाग आणि सिटिझन लॅबच, त्यामुळे दोन्ही मुळात एकच असल्याचं मत संशोधकांनी मांडलं. दुसरा क्रमांक सीव्हीई-२०२३-५१२९. लायब्ररीसाठी म्हणून तो वेगळा काढला, १० पैकी १० गंभीरता दिली, आणि मग दुबार म्हणून रद्द केला. जुन्या अहवालात तो दिसला तर ४८६३ च समजा.

पायरी १: ब्राउझर

दुरुस्ती असलेली पहिली आवृत्ती प्रत्येकाची वेगळी:

क्रोम: ११६.०.५८४५.१८७ (विंडोजवर १८७ किंवा १८८)
एज: ११६.०.१९३८.८१
फायरफॉक्स: ११७.०.१, दीर्घकालीन शाखांत ११५.२.१ आणि १०२.१५.१
थंडरबर्ड: ११५.२.२ आणि १०२.१५.१
ब्रेव्ह: १.५७.६४

क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, मग हेल्प, मग 'अबाउट गूगल क्रोम'. हे पान उघडलं की तपासणी आपोआप सुरू होते. खाली 'रीलाँच' बटण दिसत असेल तर नवी आवृत्ती डिस्कवर आली आहे, पण चालू आहे ती जुनीच. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. खिडक्या बंद केल्या म्हणजे क्रोम बंद झालं असं नाही. सेटिंग्जच्या 'सिस्टीम' विभागात 'क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीतली अ‍ॅप चालू ठेवा' या अर्थाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर जुनी प्रक्रिया दिवसेंदिवस जिवंत राहते. रीलाँच दाबा, आणि तेच पान पुन्हा उघडून आकडा डोळ्यांनी बघा.

अपडेट होतच नसेल तर कारण बहुधा यांतलं एक असतं:

विंडोजवर गूगलची अपडेट सेवा बंद केलेली. संगणक 'हलका' करून देणारी साधनं हे हमखास करतात.
मॅकवर क्रोम ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये न नेता डाउनलोड झालेल्या डिस्क इमेजमधूनच चालवलेलं. तिथे लिहिता येत नाही, मग अपडेट कसा होणार?
एकाच विंडोजवर दोन क्रोम: एक प्रोग्राम फाइल्समध्ये, दुसरं वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये. अपडेट एकाचं होतं, शॉर्टकट दुसऱ्याचा असतो.
पेन ड्राइव्हवरची पोर्टेबल प्रत. ती आपणहून अपडेट होईल ही आशा सोडा.

विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची मुख्य वाट १०९ या आवृत्तीवर संपली. ११० पासून विंडोज १० लागतं. अशा संगणकावर निदान फायरफॉक्सची ११५ ची दीर्घकालीन शाखा बसवा, ११५.२.१ किंवा पुढची. हा तात्पुरता टेकू आहे, खालची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी ती जुनीच.

कार्यालयात वीस-पंचवीस संगणक असतील तर प्रत्येकाच्या मागे फिरू नका. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या सगळ्या संगणकांना एका जागेवरून नियम लावायची सोय) क्रोमसाठी रीलाँचच्या सूचनेचं धोरण असतं. त्याची किंमत १ ठेवली तर क्रोम विनंती करतं, २ ठेवली तर मुदत संपल्यावर स्वतःच पुन्हा सुरू होतं. २ ठेवा. मुदत मिलिसेकंदांत द्यायची असते. काही न दिल्यास ती ६०,४८,००,००० म्हणजे सात दिवस. त्रुटीचा गैरवापर चालू असताना सात दिवस फार झाले. ८,६४,००,००० म्हणजे एक दिवस द्या. आकडा भरताना स्वल्पविराम घालायचे नाहीत.

पायरी २: फोन

अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून अपडेट होतं, पण अँड्रॉइडची स्वतःची लिबवेबपी वेगळी. गॅलरी, संदेश आणि इतर पुष्कळ अ‍ॅप हीच वापरतात. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', मग अँड्रॉइड आवृत्ती, आणि तिथे 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख बघा. ती ६ ऑक्टोबर २०२३ किंवा नंतरची हवी. ऑक्टोबरच्या त्या अपडेटमध्ये १, ५ आणि ६ तारखेचे असे तीन टप्पे होते आणि ही दुरुस्ती ६ तारखेच्या टप्प्यात आली. म्हणजे फोन '५ ऑक्टोबर २०२३' दाखवत असेल तर महिना बरोबर आणि दुरुस्ती गायब.

कंपनीने अपडेट देणंच थांबवलं असेल तर फोनवर काही करता येत नाही. त्यावरचं बँकेचं अ‍ॅप काढा आणि तो फोन मुलांना व्हिडिओ बघायला द्या, एवढाच व्यवहारी सल्ला. फ्लटर या गूगलच्या साधनात बांधलेली अ‍ॅप आपली प्रत सोबत आणतात, त्यामुळे चांगल्या फोनवरही अ‍ॅपचे अपडेट चालूच ठेवायचे.

आयफोनवर भारतात तरी सगळे ब्राउझर ॲपलच्याच वेबकिट या इंजिनावर चालतात. त्यामुळे तिथे क्रोमचा आकडा बघण्यात अर्थ नाही, आयओएसचा बघायचा: १६.६.१ किंवा पुढचा. ६एस, ७ आणि पहिल्या एसईवर १५.७.९. पत्रकार, वकील, कार्यकर्ते अशा नेमक्या लक्ष्य होणाऱ्या माणसांनी 'लॉकडाउन मोड' सुरू करावा. ब्लास्टपास त्याने अडत होता.

पायरी ३: ब्राउझर पोटात घेऊन फिरणारी सॉफ्टवेअर

स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नलची डेस्कटॉप आवृत्ती, व्हीएस कोड ही सगळी इलेक्ट्रॉनवर बांधलेली. म्हणजे प्रत्येकात एक आख्खं क्रोमियम, क्रोमचा मोफत मिळणारा गाभा. तुमच्या क्रोमच्या अपडेटचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. दुरुस्त इलेक्ट्रॉन: २२.३.२४, २४.८.३, २५.८.१, २६.२.१ आणि या शाखांच्या पुढचं सगळं.

कुठलं सॉफ्टवेअर इलेक्ट्रॉनवर आहे हे ओळखायची खूण: त्याच्या फोल्डरमध्ये 'रिसोर्सेस' नावाचं उपफोल्डर आणि त्यात 'ॲप' नावाची 'एएसएआर' विस्ताराची फाइल. विंडोजवर प्रोग्राम फाइल्ससोबत प्रत्येक वापरकर्त्याच्या ॲपडेटातल्या 'लोकल' फोल्डरातही शोधा. यांतली बरीच अ‍ॅप ॲडमिनचा पासवर्ड न मागता तिथेच बसतात, आणि कार्यालयाच्या यादीत येतच नाहीत.

आवृत्ती कशी कळेल? व्हीएस कोडमध्ये हेल्प, मग अबाउट: इलेक्ट्रॉन आणि क्रोमियम दोन्हीचे आकडे दिसतात. इतरांत व्ह्यू मेन्यूत डेव्हलपर टूल्स असतील तर उघडा आणि कन्सोलमध्ये ब्राउझरची 'यूझर एजंट' ओळ मागवा. क्रोम आणि इलेक्ट्रॉन दोन्ही आवृत्त्या त्या एका ओळीत असतात. अशीही सोय नसेल तर अ‍ॅप काढून टाका आणि निर्मात्याच्या पानावरून ताजं बसवा. त्याला पाच मिनिटं लागतात.

इलेक्ट्रॉनचा भाऊ म्हणजे सीईएफ, क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क. खूण: 'लिबसीईएफ' नावाची डीएलएल. तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. आवृत्तीच्या लांबलचक ओळीत क्रोमियमचा आकडा असतो. तो ११६.०.५८४५.१८७ च्या आधीचा असेल तर सॉफ्टवेअर विकणाऱ्याला लेखी विचारा. हिशेबाची, छपाईची, सीसीटीव्ही बघायची सॉफ्टवेअर यात हटकून सापडतात.

सगळ्यात वाईट जोडी कोणती? जुनं इलेक्ट्रॉन आणि सँडबॉक्स बंद. इलेक्ट्रॉनमध्ये सँडबॉक्स मुळातून चालू झाला तो २० व्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या अ‍ॅपमध्ये चॅटवर आलेलं एक चित्र थेट तुमच्या खात्याच्या हक्कांनिशी कोड चालवू शकतं.

पायरी ४: लिनक्स

इथे आकड्यांवरून गोंधळ होतो. मूळ लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती १.३.२. पण डेबियन १२ वर पूर्ण अपडेट केल्यानंतरही आकडा दिसतो १.२.४. घाबरू नका. डेबियन आणि उबुंटू जुन्याच आवृत्तीत फक्त दुरुस्ती शिवतात, आणि ती आवृत्तीच्या शेपटीवरून ओळखायची. डेबियन १२ वर १.२.४-०.२ नंतर '+डेब१२यू१' किंवा त्यापुढचं असेल तर काम झालेलं आहे. नुसत्या १.३.२ शी तुलना करणारा स्कॅनर इथे खोटी बोंब मारतो. पॅकेजचा चेंजलॉग काढून त्यात ४८६३ शोधा, तो पुरावा पक्का.

पॅकेज अपडेट केल्यावर चालू प्रक्रिया मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतात. 'नीडरीस्टार्ट' चालवलं की कोण अडकलंय त्याची यादी मिळते. ते नसेल तर उघड्या फाइलींच्या यादीत लिबवेबपीपुढे 'डिलीटेड' किंवा 'डीईएल' असा शेरा शोधा. असा शेरा असलेली प्रत्येक सेवा पुन्हा सुरू करायची. डेस्कटॉप असेल तर सरळ संगणकच रीस्टार्ट करा. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या स्वतंत्र गठ्ठ्यांमधली अ‍ॅप मुख्य प्रणालीची लायब्ररी वापरत नाहीत. त्यांचे अपडेट स्वतंत्रपणे चालवा, फ्लॅटपॅकचे जुने रनटाइम काढून टाका.

पायरी ५: चित्र अपलोड करून घेणारे सर्व्हर

तुमच्या संकेतस्थळावर कुणीही फोटो चढवू शकत असेल आणि सर्व्हर त्याचा छोटा नमुना बनवत असेल, तर हल्लेखोराला ब्राउझरचीही गरज नाही. फाइल तुम्हीच त्याच्याकडून घेता आणि तुम्हीच उलगडता. म्हणून यादीत सर्व्हर असेल तर सुरुवात इथून करा, स्लॅक नंतर.

पायथन: पिलो १०.०.१ किंवा पुढची. पिलोचं तयार पॅकेज लिबवेबपी आपल्यासोबत आणतं, त्यामुळे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा अपडेट तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पिलोचं मॉड्यूल कमांड लाइनवरून थेट चालवलं की ती आपल्या सोयींचा अहवाल छापते. त्यात वेबपीच्या ओळीपुढे लायब्ररीचा आकडा असतो. तो १.३.२ किंवा वर हवा. प्रकल्पागणिक वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असेल तर प्रत्येकात जाऊन बघायचं. एकात बदललं म्हणजे सगळीकडे बदललं, असं होत नाही.

नोड: शार्प ०.३२.६ किंवा पुढची. शार्पच्या 'व्हर्जन्स' या गुणधर्मात वेबपीचा आकडा मिळतो. लॉक फाइलही (प्रकल्पातल्या सगळ्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) तपासा, कारण दुसऱ्याच कुठल्यातरी पॅकेजने जुनी शार्प आत ओढलेली असते.

डॉकर: नोड आणि पायथनच्या 'स्लिम' किंवा 'अल्पाइन' नसलेल्या अधिकृत इमेजमध्ये लिबवेबपी आधीपासूनच असते, तुम्ही वापरा अथवा नका वापरू. कंटेनर रीस्टार्ट करून काही होत नाही; मूळ इमेज नव्याने ओढा, कॅशे न वापरता पुन्हा बांधा, आणि जुन्या इमेज पुसा. नाहीतर मध्यरात्री कुणीतरी रोलबॅक करतं, म्हणजे जुनी इमेज पुन्हा चालू करतं, आणि भोक परत येतं.

अपडेट आजच्या आज शक्य नसेल तर तात्पुरता उपाय: वेबपी घेणंच बंद करा. पण फाइलच्या नावाच्या शेवटी '.वेबपी' आहे का ते बघून नव्हे. लायब्ररी आणि ब्राउझर नाव बघत नाहीत, आतली सही बघतात. 'पीएनजी' असं नाव दिलेली वेबपी बिनदिक्कत उलगडली जाते. पहिले चार बाइट हेक्समध्ये ५२ ४९ ४६ ४६, मग चार बाइट लांबीचे, मग ५७ ४५ ४२ ५०. ही सही दिसली की फाइल परत पाठवा. 'फक्त तपशील न गमावणारा प्रकार अडवतो, बाकी येऊ दे' ही हुशारी करू नका. दुसऱ्या प्रकारातही पारदर्शकतेचा थर बऱ्याचदा याच डीकोडरने दाबलेला असतो, आणि वाट तिथूनही जाते.

तपासणीसाठी इंटरनेटवरून 'बिघडलेलं वेबपी' आणून उघडून बघायचा मोह होतो. त्याने काही सिद्ध होत नाही. दुरुस्त ब्राउझर तुटलेलं चित्र दाखवतो, आणि दुरुस्ती नसलेलाही पुष्कळदा क्रॅश न होता तेच दाखवतो, कारण मेमरीत बाहेर लिहिलेले बाइट कुठे पडतील यावर सगळं अवलंबून. आवृत्तीचा आकडा हाच पुरावा.

घुसखोरीची शंका असेल तर

संगणक किंवा सर्व्हर नेटवर्कवरून काढा, पण बंद करू नका. मेमरीतला माग वीज गेली की गेला. अपडेटही नंतर, आधी डिस्कची प्रत आणि लॉग बाजूला काढा. भारतातल्या कंपन्यांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. सहा तासांत सगळं उलगडत नाही, हातात असेल तेवढं कळवायचं आणि पुढचं नंतर जोडायचं. घरगुती वापरात पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. आणि त्या यंत्रावर ज्या ज्या खात्यांत लॉगिन होतं त्यांचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. बदलताना 'सगळीकडून लॉगआउट' हा पर्यायही दाबा, कारण चोरलेली सेशन कुकी (लॉगिन चालू ठेवणारी खूण) पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते.